थोरलीचा कित्ता

आमच्या घरात तीन पिढ्या 'आशीर्वाद' हा शब्द चुकीचा लिहीत आल्या. 'श'ला पहिली वेलांटी. आजी तसा लिहायची, आई तसा लिहायची, आणि चौथीत असताना शुद्धलेखनाच्या वहीत मीही तसाच लिहिला तेव्हा बाईंनी त्याच्याखाली लाल रेघ ओढली. त्या मे महिन्यात आजोळी गेल्यावर वही आजीला दाखवली. पडवीत बसून ती सुपात तांदूळ निवडत होती. वही हातभर लांब धरून तिनं तो शब्द पाहिला, रेघ पाहिली आणि म्हणाली, "अक्कानं असाच लिहिलाय. म्हणजे तो असाच."

अक्का म्हणजे आजीची थोरली सख्खी बहीण. आजीनं शाळेची पायरी कधी चढली नाही. तिला जे लिहिता-वाचता येत होतं ते सगळं अक्काच्या पोस्टकार्डांवरून आलेलं. कित्ता हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. पूर्वी पंतोजी पाटीवर वरच्या ओळीत वळणदार अक्षर काढून देत आणि पोरं त्याच्यावर हात फिरवत, खाली तेच पुन्हा पुन्हा काढत. वरची ओळ हा कित्ता, आणि हात फिरवणं म्हणजे गिरवणं. आजीच्या वाट्याला पंतोजी आले नाहीत. तिचा कित्ता पुण्याहून टपालानं येत असे.

आजीचं माहेर संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून चार कोसांवर. अक्काचा जन्म १९०६ चा, आजीचा १९११ चा. मधे एक भाऊ होऊन गेलेला. त्यामुळे आजीला समज आली तेव्हा तिच्यापुढे चालणारी एकच व्यक्ती होती, अक्का. अक्का पाण्याला निघाली की ही छोटी कळशी घेऊन मागे. अक्का चालताना डाव्या हातानं ओचा किंचित उचलून धरायची, तर परकर नेसणारी ही पोरगीही डावा हात तसाच धरून चालायची. अक्काला कारलं आवडत नसे, म्हणून आजीनं जन्मभर कारलं तोंडात घातलं नाही. तिला कारल्याची चव माहीतच नव्हती, हे तिनं मला सत्तरी उलटल्यावर सांगितलं, आणि त्यात काही विशेष आहे असं तिला वाटलं नाही.

अकराव्या वर्षी अक्काचं लग्न झालं. मुलगा मुंबईला शिकत होता. पुढच्याच वर्षी, १९१८ च्या पावसाळ्यानंतर, इन्फ्लुएंझाची साथ आली. जुनी माणसं तिला मानमोडी म्हणत. त्या एका साथीत हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली. गावागावांत सरणाला लाकूड पुरेनासं झालं होतं, असं आजी ऐकलेलं सांगायची. त्या कोटीत हा सतरा वर्षांचा मुलगा एक. बातमी पोचायला आठ दिवस लागले. ती पोचली तेव्हा अक्का माहेरीच होती आणि माजघरात आजीबरोबर सागरगोटे खेळत होती. डाव अक्कावर आला होता. तिनं गोटा वर उडवला आणि तेवढ्यात बाहेर आईचा हंबरडा ऐकू आला. आजी सांगायची, "गोटा खाली पडला तो तिनं उचलला नाही. मी उचलला आणि तिचा डाव मी खेळले. सात वर्षांची होते मी. मला काय कळतंय?"

पुढची तीन वर्षं अक्का घरातच होती, पण कुणाच्या नजरेला पडू नये अशी. सणाला समोर यायचं नाही, कुणी कामाला निघालं तर आडवं जायचं नाही. केशवपनाचं नाव निघालं की आई म्हणे, "अजून लहान आहे." या एका वाक्यावर त्या माउलीनं तीन वर्षं काढली. भातलावणीला येणारी एक कुणबीण होती. तिनं एकदा चिखलात उभ्या उभ्या अक्काला सरळ विचारलं होतं, "तुमच्यात पाट लावीत न्हाय काय गो?" तिच्या घरात विधवेचा पाट लागत असे, त्यात कुणाला नवल वाटत नसे. नवल तिला आमच्या घराचं वाटलं. धर्माचं ज्ञान आपल्याकडे आहे असं मानणाऱ्या घरात बारा वर्षांच्या पोरीला जगायची जागा नव्हती, आणि चिखलात राबणाऱ्या बाईच्या घरात ती होती. आजी हा प्रश्न सांगताना थांबायची. मीही इथे थांबते.

१९२१ मध्ये सगळीकडून रेटा वाढला. अक्का पंधरा वर्षांची झाली होती. तेव्हा पुण्याच्या मामांचं पत्र आलं: मुलीला हिंगण्याला कर्व्यांच्या आश्रमात पाठवा, विधवांना तिथे शिकवतात. घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी वडिलांनी बैलगाडी सांगितली. आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथून आगगाडीनं पुणं. अक्कासाठी नवी ट्रंक आली, नवी पाटी आली, दोन धुवट लुगडी आली. घरात आजवर मुलीसाठी पाटी कधी आली नव्हती.

आणि मग ते घडलं, जे आमच्या घराण्यात कुजबुजीच्या आवाजात सांगितलं जातं. आजी दहा वर्षांची होती. तिनं ट्रंक पाहिली, पाटी पाहिली, गाडीला जुंपलेले बैल पाहिले आणि सगळ्यांच्या देखत अंगणात उभी राहून म्हणाली, "मलाही विधवा व्हायचंय."

आईनं तिच्या थोबाडीत मारली. नंतर तिलाच पोटाशी धरून ती रडली. पण आजीच्या हिशेबात काही चूक नव्हती. तिनं जे पाहिलं होतं त्यावरून एवढंच निघत होतं की नवरा मेला की मुलीला पाटी मिळते, पुणं मिळतं. नवरा जिवंत असला तर चूल. त्या काळानं मुलींसमोर जी दोन दारं ठेवली होती ती दहा वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात दाखवून दिली. विधवांसाठीच्या शाळेमुळे विधवा शिकल्या. त्यांच्या मागच्या बहिणी, ज्यांचं कुंकू शाबूत होतं, त्या तशाच राहिल्या. हिंगण्याच्या संस्थेनं हे फार लवकर ओळखलं होतं. विधवांपलीकडच्या मुलींसाठी १९०७ मध्येच महिला विद्यालय सुरू झालं होतं. पण आमच्या गावापर्यंत ते पोचलं नव्हतं.

गाडी हलताना अक्का खाली वाकून आजीला म्हणाली, "मी शिकले की तुला शिकवीन." तिनं ते पाळलं. महिन्याला एक कार्ड. त्या कार्डावर वरच्या भागात आईवडिलांसाठी मजकूर आणि खाली धाकटीसाठी चार ओळी, मोठ्या सुट्या अक्षरांत. आजी चुलीतली राख पाटावर पसरून त्या ओळी बोटानं गिरवायची. सहा महिन्यांत ती वाचू लागली. वर्षाच्या शेवटी तिनं पहिलं उत्तर लिहिलं. अक्काच्या अक्षराचं वळण तिनं असं उचललं होतं की वडिलांना वाटलं, जुनंच कार्ड कुणीतरी परत पाठवलं. वळणाबरोबर चुकाही आल्या. 'आशिर्वाद' त्यातलाच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अक्का घरी यायची आणि रात्री पडवीत निजताना 'बायांची गोष्ट' सांगायची. या गोष्टीनं आजीला वेड लावलं होतं, कारण ती देवरुखची होती, म्हणजे आपल्याच मुलखातली, आणि ती दोन बहिणींची होती.

कर्व्यांच्या चरित्रांत ही हकिकत येते ती कर्व्यांची म्हणून. आजीकडे ती बहिणींची म्हणून आली, आणि मला तीच मांडणी जास्त खरी वाटते. देवरुखच्या जोश्यांची गोदू आठ-नऊ वर्षांची असताना, लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झाली. ऐन तारुण्याची वर्षं तिनं सासरी राबण्यात काढली. भाऊ नरहरपंत मुंबईला शिकत होते. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे स्नेही. नरहरपंतांनी बहिणीला मुंबईला आणलं, आणि १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढलं तेव्हा तिथे शिकायला आलेली पहिली विधवा ही गोदूबाई. शारदा सदन पुण्याला आलं. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. मार्च १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी पुण्यात लग्न केलं. तिचं नाव आनंदीबाई झालं, आणि पुढे सगळ्यांच्या तोंडी बाया. कर्व्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

गोदूची धाकटी बहीण कृष्णा, जन्म १८७० चा. अकराव्या वर्षी लग्न होऊन आठवल्यांच्या घरी गेली, पार्वती झाली. विसाव्या वर्षी विधवा, पदरी एक मुलगा. केशवपन झालं. थोरलीनं पुण्यात दुसरं लग्न केलं तेव्हा धाकटी तेवीस वर्षांची होती, आलवणात. आजी गोष्टीच्या या टप्प्यावर उठून बसायची. एकाच आईच्या दोन लेकी, दोघी विधवा. एक डोक्यावर अक्षता घेऊन आणि गावाचा बहिष्कार घेऊन उभी, दुसरी डोक्यावर पदर ओढून. आता धाकटीनं काय करावं?

वाट तर थोरलीनं पाडून ठेवली होती. त्याच वर्षी, १८९३ मध्ये, कर्व्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली होती. पार्वतीबाई पुण्याला आल्या खऱ्या, बहिणीच्या आधारानं आल्या, पंचविशी उलटल्यावर नव्यानं विद्यार्थिनी झाल्या. पण लग्न त्यांनी केलं नाही. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापली, आश्रम १९०० मध्ये शहराबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला, कर्वे फर्ग्युसन कॉलेजातलं काम आटपून तिथे पायी जात. त्या आश्रमाला पार्वतीबाईंनी स्वतःला वाहून घेतलं. वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर आणि पार्वतीबाई आठवले ही तीन नावं अक्का एका दमात घ्यायची, देवाची नावं घ्यावीत तशी.

इथे एक गोष्ट मला फार टोचते. ज्या बाईच्या लग्नानं हे सगळं सुरू झालं, तिला त्या आश्रमात जागा नव्हती. पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरते असं दिसलं तर लोक आपल्या विधवा लेकी पाठवणार नाहीत, ही भीती. म्हणून कर्व्यांचा संसार कित्येक वर्षं आश्रमापासून वेगळा, पुण्यात. आणि तिची धाकटी बहीण, आलवणातली म्हणून सनातन्यांच्याही घरात जिला पाट मांडला जाई, ती त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरत होती. थोरलीनं दार उघडलं आणि ती स्वतः बाहेर राहिली. धाकटी आत गेली. त्यात कर्व्यांचा व्यवहार बरोबर होता हे मला कळतं. त्याशिवाय आश्रम जगला नसता. पण बायांवर तो अन्याय होता, हेही तितकंच खरं आहे. ते म्हणायला आमच्या अक्काची जीभ अडखळायची. आजीची अडखळत नसे.

पुढे १९१२ मध्ये, बेचाळीसाव्या वर्षी, पार्वतीबाईंनी केस काढणं थांबवलं. कुणाच्या लग्नासाठी नाही, कुणाच्या सांगण्यावरून नाही. आणि १९१८ मध्ये, ज्या साली आमच्या अक्काचा सागरगोटा खाली पडला त्याच साली, अठ्ठेचाळीस वर्षांच्या पार्वतीबाई इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी पैसे उभे करायला एकट्या अमेरिकेला निघाल्या. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले. १९२० मध्ये परतल्या. अक्का हिंगण्याला पोचली तेव्हा ही ताजी हकिकत होती. देवरुखची कृष्णी अमेरिकेत घरकाम करून आली, यावर आजीचा आधी विश्वासच बसला नाही. मग तिनं विचारलं, "आणि बाया कुठवर गेल्या होत्या?" अक्का म्हणाली, "पुण्यापर्यंत." आजीनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "त्या पुण्याला गेल्या नसत्या तर ही संगमेश्वरही ओलांडती ना."

तिच्या या बोलण्यात जेवढं आहे तेवढं मला कुठल्या ग्रंथात सापडलं नाही.

आजीचं लग्न १९२५ मध्ये झालं, चौदाव्या वर्षी. सासर त्याच तालुक्यात, आजोबांचं किराणा मालाचं दुकान. तिकडे अक्का शिकत गेली. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचं शिक्षण मराठीतून असे आणि त्याच्या पदवीला गृहीतागमा असं भारदस्त नाव होतं. अक्का गृहीतागमा झाली. आजीला त्याचा अर्थ सांगता येत नसे, पण आल्या-गेल्याला ती हा शब्द पूर्ण, एकेक अक्षर सुटं करून सांगायची. अक्का एका तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. भाड्याची खोली, एक स्टोव्ह, भिंतीला पुस्तकं. तिनं लग्न केलं नाही. कुणाच्या अध्यातमध्यात नसे. वर्ग आणि खोली, खोली आणि वर्ग.

आजीनं सासरी पहिलं काय केलं असेल, तर दुपारची जेवणं उरकल्यावर पडवीत मुली जमवल्या. शेजारची एक, मग तिची भावजय, मग कुणबीवाडीतल्या दोघी. अक्काची कार्डं पुढे ठेवून ती त्यांना कित्ता घालून द्यायची. म्हणजे गावातल्या पंधरा-वीस बायकांचं अक्षर अक्काच्या वळणाचं झालं, अक्काला न पाहता. माझ्या लहानपणी त्यातल्या काही म्हाताऱ्या होत्या. रेशनकार्डावर सही करायच्या तेव्हा ते वळण ओळखू यायचं.

एक गोष्ट आजीनं स्वतः सांगितली, आणि सांगताना तिची मान खाली होती. पहिली काही वर्षं महारवाड्यातल्या मुली आल्या की त्यांना ती अंगणात बसवायची, बाकीच्या पडवीत. अक्का सुट्टीत आली. तिनं दुपारी हे पाहिलं, काही बोलली नाही. पडवी उतरली आणि अंगणात त्या मुलींच्या शेजारी जाऊन बसली. ऊन होतं. संध्याकाळपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पडवीत बसू लागल्या. सासूबाईंनी महिनाभर त्या पडवीत पाऊल ठेवलं नाही. आजीनं तोही कित्ता गिरवला, पण तो गिरवायला तिला अक्का प्रत्यक्ष समोर यावी लागली, याची खंत तिला शेवटपर्यंत होती.

आणि एकदा तिनं कित्ता सोडून अक्षर काढलं. तेव्हा ती तेविशीची होती. शेजारच्या घरातली सोळा वर्षांची सून विधवा झाली, आणि घरच्यांनी केशवपनाचा दिवस ठरवला. आजीनं अक्काला कार्ड टाकलं: काय करू? उत्तर आलं. अक्कानं लिहिलं होतं, घाई करू नको, आधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोल, तुझ्या संसारावर ओढवून घेऊ नको. शहाणपणाचाच सल्ला होता. आजीनं कार्ड दोनदा वाचलं, फळीवर ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा अक्काचं ऐकलं नाही. ठरल्या दिवशी पहाटे अंगावरच्या पोराला घेऊन ती शेजारच्या घराच्या पायरीवर जाऊन बसली. नाभिक धोकटी घेऊन आला. त्यानं तिला पाहिलं. ती काही बोलली नाही, उठलीही नाही. त्यानं धोकटी आंब्याच्या बुंध्याशी टेकवली, पाणी मागितलं, पाणी प्यायला, आणि "आज हाताला बरं न्हाय" असं घरच्यांना सांगून निघून गेला. पुन्हा बोलावलं तरी आला नाही.

१८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं होतं. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचं त्यामागे बळ होतं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांना त्याची लाज आधी वाटली, ज्यांच्या घरातली डोकी होती त्यांना नंतर. आमच्या गावच्या त्या माणसाला मुंबईची सभा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला पायरीवरची बाई पुरली. त्या सुनेचे केस राहिले. शेजारचं घर आजीशी बारा वर्षं बोललं नाही. अक्काला सगळं कळल्यावर तिचं कार्ड आलं. त्यात दोनच ओळी होत्या: "तू केलंस ते बरोबर. मला ते जमलं नसतं."

पार्वतीबाईंचं 'माझी कहाणी' १९२८ मध्ये प्रसिद्ध झालं. दोनच वर्षांत अमेरिकन मिशनरी जस्टिन अॅबट यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. बायांचं 'माझे पुराण' आलं १९४४ मध्ये, सून कावेरी कर्वे यांनी संपादित केलेलं. म्हणजे आपली गोष्ट आपणच सांगावी, ही वाट आधी धाकटी चालली आणि थोरली तिच्यामागून सोळा वर्षांनी आली. अक्काकडे दोन्ही पुस्तकं होती. सुट्टीत येताना ती घेऊन यायची. आजी ती पोथीसारखी पाटावर ठेवून वाचायची, मोठ्यानं, म्हणजे चुलीपाशी असलेल्यांनाही ऐकू जावं. बाया १९५० मध्ये गेल्या, पार्वतीबाई १९५५ मध्ये. पार्वतीबाई गेल्या तेव्हा आजीनं अंघोळ केली होती, नात्यातलं माणूस गेल्यावर करतात तशी.

मी स्वतःही धाकटीच. ताईनं सायन्स घेतलं म्हणून मी घेतलं, ताईसारखे केस कापले, ताईच्या मैत्रिणी त्या माझ्या मैत्रिणी. दुसऱ्या वर्षी मला ते झेपेना, आणि ते ताईला सांगायला मला चार महिने लागले. ती म्हणाली, "मला दिसत होतं. तू सांगायची वाट पाहत होते." मी मराठी घेतलं. आजीला कळवलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "ताई रागावली नाही ना?" नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. बाकी कशाची तिला फिकीर नव्हती.

अक्का १९७४ मध्ये गेली, आजी १९९६ मध्ये. आजीच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात अक्काची सगळी कार्डं, आणि दोऱ्यानं बांधलेला दुसरा गठ्ठा, आजीनं अक्काला लिहिलेल्या कार्डांचा. अक्कानंही ती जपून ठेवली होती, आणि तिच्या खोलीचं सामान आवरताना ती परत आली होती. तो डबा आता माझ्याकडे आहे. मागच्या पावसाळ्यात मी ती कार्डं तारखेनं लावली.

पहिल्या पाच वर्षांत प्रत्येक कार्डावर 'आशिर्वाद', पहिली वेलांटी. मग १९२६ मध्ये लागोपाठ दोन कार्डांवर दुसरी वेलांटी. अक्काला कुणीतरी शुद्ध रूप शिकवलं असणार. त्यानंतरचं आजीचं उत्तर दुसऱ्या गठ्ठ्यात सापडलं. पंधरा वर्षांची, नुकती सासरी आलेली मुलगी लिहिते: "अक्का, तू हल्ली कार्ड दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतेस काय? तुझी प्रकृती बरी आहे ना?"

पुढच्या कार्डावर पुन्हा पहिली वेलांटी आली. अक्का नंतर तीसएक वर्षं शाळेत मराठी शिकवत होती. माझ्या आईला लिहिलेल्या तिच्या पत्रांत हा शब्द शुद्ध आहे. आजीला लिहिलेल्या कार्डांत तो सत्तेचाळीस वर्षं तसाच आहे. शेवटचं कार्ड नोव्हेंबर १९७३ चं. अक्षर थरथरलेलं, शाई पुसट, मजकूर अडीच ओळींचा, आणि खाली: अनेक आशिर्वाद.